निराळा आवाज

१२ जून
चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. लहानपणी तुझे जंत पाडायला मी औषध पाजलं, आणि आता तू ते बशीत पाळतेस! शेजारीण विचारते तेव्हा मी नुसतं ‘संशोधन’ म्हणते.

इकडे सगळं ठीक. तुझे बाबा मात्र हाक मारली तरी वळून बघत नाहीत. पूर्वी वैतागून का होईना, ओ द्यायचे. इतक्या वर्षांत माझ्या आवाजाला सरावलेत, दुसरं काय! मीही हल्ली कमीच बोलते. जेवणाची हयगय करू नकोस.

तुझी आई

२१ जून
ती. आईस साष्टांग नमस्कार.

माझे जंत पोटातले नव्हेत, मातीतले. बशीला टिचकी मारली की ते दचकून मागे सरकतात. मारत राहिलं की सरावतात, हलत नाहीत. माझ्या जंतांच्या एका वाणात एक जनुक बिघडलंय, ते बिचारे सरावतच नाहीत. सरांना वाटतं, माझीच काहीतरी चूक होतेय. म्हणून सगळं पुन्हा करतेय.

पण बाबांचं वाचून चैन पडेना. जंत गप्प झाला, की तो सरावलाय की त्याच्यात त्राणच उरलं नाही, हे आम्ही निराळा धक्का देऊन बघतो. सरावलेला असेल तर पुन्हा दचकू लागतो. बाबांच्या पाठीमागे एकदा निराळा आवाज करून बघशील? उभा जन्म त्यांनी पत्र्याच्या कारखान्यातल्या खणखणाटात काढलाय. रागावू नकोस.

तुझी ठकू

३ जुलै
चि. ठकूस आशीर्वाद.

मोठं पातेलं त्यांच्या पाठीमागे फरशीवर टाकलं. शेजारीण धावत आली. हे शांतपणे खुर्चीचा पाय घासत बसले होते. इतके दिवस त्यांच्यावर रुसून होते गं. उद्या कानाच्या डॉक्टरांकडे नेते.

आई

३० जुलै
चि. ठकूस आशीर्वाद.

पत्रं लिहिणं हे तुझ्या आईचं खातं, पण आज मीच लिहितो. कानात यंत्र बसवलं. दवाखान्यातून येताना मागे कोण येतंय म्हणून वळलो, तर माझ्याच चपला वाजत होत्या.

आईला न सांगितलेली एक गोष्ट तुला सांगतो. तुला इतक्या लांब पाठवण्यावरून आमचं वाजलं होतं. तेव्हापासून तिने माझ्याशी अबोला धरलाय, असंच मी समजत होतो. राग निवळेल म्हणून मीही गप्प राहिलो.

तुझ्या वाणात धडकं जनुक घातल्यावर ते जंतही सरावले आणि चूक तुझी नव्हती असं सरांनी मान्य केलं, हे आईने तुझ्या पत्रातून मोठ्याने वाचून दाखवलं. आनंद झाला.

काल ती आतून विचारत होती, चहा टाकू का म्हणून. मला नीट ऐकू आलं होतं. तरी उठून तिच्याजवळ गेलो, आणि पुन्हा विचारायला सांगितलं.

माया आहेच, पत्र धाडत जा.

बाबा