वाहिदची खोली आणि डब्यातले सात कागद

बिस्मिल्ला.

मी, जन्नतबी, मरहूम इद्रिस पिंजारी यांची बेवा, राहणार तळोदे, जिल्हा पश्चिम खानदेश, धंदा पूर्वी कापूस पिंजणे व हल्ली ओट्यावर बसून हुकूम सोडणे, वय अंदाजे पासष्ट (संवत छप्पनच्या दुष्काळात थोरला हारुन कडेवर होता, त्यावरून ज्याने त्याने ठरवावे), आज राजीखुशीने आपले मृत्युपत्र सांगत आहे. डोके ठिकाणावर आहे. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण नाक आणि बोटे शाबूत आहेत, आणि पुढे त्यांचेच काम पडणार आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. घालणारा या गल्लीत अजून जन्मायचा आहे.

मला अक्षरओळख नाही. सांगते मी, लिहितो शेजारचा किराणा दुकानदार जेठमल. मी सांगते तेच तो लिहितो की नाही, हे पाहायला हारुनची मुलगी जाहेदा बाजूला बसवली आहे. ती मराठी चौथीत आहे. दर कलम झाले की ती मोठ्याने वाचून दाखवील. जेठमलला याचे वाईट वाटले.

"माय, इतला वरीस तुन्हा कागद मीच वाचात. आते मन्हावर भरोसा नई का?" असे तो म्हणाला.

"तूच वाचात, म्हनीसन तं पोर बसाडी," असे मी म्हणाले. हेही लिही म्हटले. त्याने लिहिले आहे. जाहेदाने वाचले आहे.

कलम पहिले. माझ्या कफनाचे कापड मी स्वतः बोटाने पारखून घेऊन पेटीत ठेवले आहे. सून सकीना हिने ते बदलून हलके आणू नये. ती आणील असे मी म्हणत नाही. पण गेल्या ईदला माझ्या लुगड्याच्या नावाखाली काय आले होते ते मला आठवते.

कलम दुसरे. माझ्या नवऱ्याचे पिंजण, त्याचा लाकडी मुठा आणि पिंजणाला दोरीसारखी ताणायची जादा तात हारुनला द्यावी. तात बकऱ्याच्या आतड्याची असते, हे वाक्य लिहिताना जेठमलने नाक मुरडले. ते मला दिसले नाही, ऐकू आले. हारुनला आता कापूस पिंजायचे यंत्र आणायचे आहे. आणावे. पण पिंजण भिंतीला टांगून ठेवावे, चुलीत घालू नये. त्या पिंजणावर तो मोठा झाला आहे, यंत्रावर नाही.

कलम तिसरे. माझे घर दोन खोल्यांचे, पुढे ओटा. काझींनी समजावून सांगितले ते असे: माझे दोन मुलगे, हारुन आणि वाहिद. वाहिद हयात असेल तर घर दोघांचे, नसेल तर सगळे हारुनचे. मागची खोली वाहिदची म्हणून मी पंधरा वर्षे कुलपात ठेवली आहे. किल्ली माझ्या कमरेला आहे. वाहिद परत आल्यास ती खोली त्याला द्यावी आणि आत काही हलवलेले असल्यास त्याने हारुनला जाब विचारावा.

हारुनचे म्हणणे असे की आठ वर्षांत पत्र नाही, तेव्हा वाहिद मेला असे या कागदात लिहावे, म्हणजे मधली भिंत पाडून यंत्र बसवता येईल. यंत्राला जागा हवी म्हणून मी कोणाला मारून टाकत नाही. पण खरे काय ते मलाही आता कळायला हवे. म्हणून पुढचे कलम.

कलम चौथे. माझ्या पेटीत पत्र्याचा डबा आहे. त्यात सात कागद आहेत.

सन १९२३ साली वाहिद सुरतेमार्गे मुंबईला गेला आणि बोटीवर भट्टीत कोळसा टाकणारा आगवाला झाला. त्याच्या बापाला जाऊन तेव्हा एकच वर्ष झाले होते. हा पोरगा दर्यावर गेला की शबे-बरातला, आपल्या मेलेल्यांच्या रात्री, बापाच्या नावाचा फातेहा पढायला विसरणार, असा मला संशय होता. म्हणून मी अट घातली. जिथे बोट लागेल तिथले लोक आपल्या मेलेल्यांचा दिवस कसा पाळतात ते पाहा, आणि वर्षातून एकदा मला लिही. ते लिहिताना तरी बाप आठवेल. वाहिद आणि जेठमल एकाच शाळेत, एकाच मास्तरांचा मार खात लिहायला शिकले होते. तेव्हा वाहिदने लिहायचे आणि जेठमलने मला वाचून दाखवायचे असे ठरले.

पहिले पत्र हाँगकाँगहून आले. तिथले चिनी लोक चैताच्या सुमारास कबरी झाडतात आणि मेलेल्यांना खर्चाला म्हणून खोट्या नोटा जाळतात. मेलेल्या माणसालाही खोटी नोट देतात म्हणजे तेही आपल्यातलेच, असे मी म्हणाले. दुसरे कोबे गावाहून, जपान मुलुखातले. तिथे उन्हाळ्यात पूर्वज घरी येतात, आणि परत जाताना त्यांना वाट दिसावी म्हणून पाण्यावर दिवे सोडतात. सकीना मला ओट्यापर्यंतसुद्धा पोचवत नाही.

तिसरे मनिलाहून. ते मी जेठमलकडून तेरा वेळा वाचून घेतले. तिथे नोव्हेंबराच्या पहिल्या तारखेला घरेच्या घरे भांडीकुंडी घेऊन कबरस्तानात जातात, तिथेच जेवतात, पत्ते खेळतात, पोरांना झोपवतात. एका म्हातारीने वाहिदला पानात बांधलेला गोड भात दिला आणि खुणेने विचारले, तुझे कोण? तो म्हणाला, बाप, पण तो इथे नाही. ती म्हणाली, मग इथेच बसून खा, पोचेल.

चौथे विलायतेतल्या लिव्हरपूलहून. मोठ्या लढाईत मेलेल्यांसाठी तिथे नोव्हेंबराच्या अकरा तारखेला, अकराच्या ठोक्याला, रस्त्यातला माणूस रस्त्यात उभा राहतो. ट्राम उभी, गाडीचा घोडा उभा. दोन मिनिटे कोणी बोलत नाही. जेवण नाही, दिवा नाही. असे कोरडे स्मरण मला पटले नाही, पण आमच्या घरी दोन मिनिटांची ही चाल आणून पाहावी असे तेव्हाही वाटले होते.

या चारही कागदांना कोळशाचा वास आहे. अजून आहे.

पाचवा कागद सन १९२८ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आला. गल्लीतल्या हिंदूंच्या घरोघर पितरांसाठी घागरी भरलेल्या होत्या, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलेले. जेठमलने माझ्या ओट्यावर लिफाफा फोडला आणि कागद दोनदा उलटसुलट केला. मी म्हटले, "वाहिदनंच शे ना?" तो म्हणाला, "हा, माय." मग त्याने वाचले की वाहिद आता मोंबाशाला आहे, आणि तिथले लोक मेलेल्यांसाठी घागर भरून तिच्यावर डांगर ठेवतात. आखाजी दर्या ओलांडून मोंबाशाला कधी गेली, असा संशय मला त्याच वेळी आला. या कागदाला कोळशाचा वास नाही, आणि त्याची अक्षरे मागच्या बाजूने बोटाला टोचतात. वाहिदचा हात इतका जड नव्हता.

सहाव्याला हिंगाचा वास. लिफाफा दाखव म्हटले तर तो म्हणे तिकिटासाठी पोरांनी नेला. त्या मुलुखाचे नाव जेठमलने खोकत वाचले. तिथे मेलेल्यांच्या दिवशी पहिला घास कावळ्याला देतात म्हणे.

सातव्यालाही हिंगाचाच वास. रमजान चालू होता. वाहिद लिहितो की अम्मा, मी सगळे रोजे धरतो आहे, काळजी करू नये, रोज दिवस मावळायच्या आत जेवून घेतो.

जेठमलच्या घरी पिढ्यान् पिढ्या दिवस मावळायच्या आत जेवतात. त्यांचा तो धर्म आहे आणि चांगला आहे. आईची काळजी मिटवायला तेच वाक्य त्याच्या हातून आपोआप उतरले. पण पिंजाऱ्याचा पोर रोजा धरून दिवस मावळायच्या आत जेवेल? त्यापेक्षा त्याने समुद्र आटला म्हणून वाचले असते तर मी मान डोलावली असती.

मी इतकेच म्हणाले, "आते टपाल उनं तरी वाचू नको. मन्हा कान दुखतस." जेठमल म्हणाला, "बरं, माय." त्याच्या आवाजात इतका सुटकारा होता की मला त्याची दया आली आणि रागही आला.

विचारले असते तर त्याने सांगितले असते. म्हणून विचारले नाही. दर शबे-बरातला मुल्लाजी फातेह्यासाठी नावे विचारतात आणि मी एकट्या इद्रिसचे सांगते. "आणखी कोणाचे?" "एवढेच." हलवा वाचवते म्हणून मुल्लाजींना माझा संशय आहे. असू दे.

येत्या सोमवारी शबे-बरात आहे. पुढची मला मिळेल याचा भरवसा नाही. तेव्हा जेठमल, साक्षीदार बसले आहेत, डबा उघडा आहे. कोणता कागद कोणाचा ते इथेच, तुझ्या हाताने लिही. जाहेदा वाचील. लेखणी थांबवू नको.

लेखकाचा खुलासा. मी जेठमल. पहिले चार कागद वाहिदचे आहेत. सहावा व सातवा माझे आहेत, ते मी दुकानात लिहिले. पाचवा वाहिदचा नाही आणि माझाही नाही. तो बोटीच्या कंपनीचा इंग्रजी कागद आहे, यंत्रावर छापलेला, म्हणून बोटाला टोचतो. इंग्रजी मला जेमतेम कळते, पण तारीख आणि नाव कळले, आणि पुढचा एक शब्द कळला. कागद एक रात्र माझ्याकडे ठेवून दुसऱ्या दिवशी रेल्वे स्टेशनात वाचून घेतला. वाहिद ता. २ मार्च १९२८ रोजी तापाने बोटीवर वारला व त्यास दर्यात सोडले. कागद हातात असताना मायने विचारले, वाहिदचेच ना. माझ्या तोंडून हो निघाले. मग काहीतरी वाचावे लागले, आणि समोर घागरी होत्या. परत आणल्यावर मायने तो कागद माझ्या हातातून घेऊन डोळ्यांना लावला व डब्यात ठेवला. दहा वर्षे तो तिच्याजवळच आहे. माझा गुन्हा कबूल आहे.

वरील खुलासा जाहेदाने वाचला. एका ठिकाणी ती थांबली, मग तिने पुरा केला. पुढचे जन्नतबी सांगते.

कलम पाचवे. मागच्या खोलीची किल्ली हारुनला आजच दिली. त्याने हात पुढे केला नाही, मी त्याच्या मुठीत घातली. भिंत पाडावी, यंत्र बसवावे. मात्र दर शबे-बरातच्या दिवशी दुपारपासून यंत्र बंद ठेवून सगळ्यांनी त्या जागेत बसून जेवावे. पोचेल. जेवणाआधी दोन मिनिटे गप्प राहावे. सकीनानेही.

साक्षीदार रूपसिंग म्हणतो की त्याच्या पाड्यावर अवेळी गेलेल्यासाठी दगड उभा करतात, तो मोलगीहून एक आणून देईल. आणावा. कबरस्तानात कोणी हरकत घेतली तर ओट्याशी रोवावा. त्याच्याकडे दगडावर घोडा कोरतात. आपल्याला घोडा नको. सारंगखेड्याच्या जत्रेत वाहिद तट्टावरून दोनदा पडला होता. कोरायचीच तर बोट.

पहिले चार कागद आणि पाचवा जाहेदाला. सहावा व सातवा माझ्या उशाखाली राहतील, ते कोणी मागू नयेत. दहा वर्षांत मला पत्र लिहिणारा तेवढा एकच होता.

जेठमल हयात आहे तोवर शबे-बरातच्या हलव्याचे त्याचे ताट दिवस मावळायच्या आत त्याच्या घरी पोचवावे. उशीर झाला तर तो खाणार नाही, आणि मला कळेल.

येत्या सोमवारी मुल्लाजींना दोन नावे सांगावीत.

खाडाखोड: कलम तिसऱ्यातील "वाहिद परत आल्यास" येथपासून त्या वाक्याच्या शेवटापर्यंतचा मजकूर माझ्या सांगण्यावरून खोडला. खोडण्याआधी जाहेदाकडून तो पुन्हा एकदा वाचून घेतला. समासात माझा अंगठा आहे.

मुक्काम तळोदे, गुरुवार, ता. ६ ऑक्टोबर १९३८.

जन्नतबी, मरहूम इद्रिस पिंजारी यांची बेवा. निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार: रूपसिंग, राहणार मोलगी. निशाणी अंगठा.
साक्षीदार: भीकमचंद, कापड दुकानदार, राहणार तळोदे. सही स्वतःची.

मजकूर सांगितल्याप्रमाणे लिहिला. दस्तुर जेठमल.