ईमेलच्या दारावर मी

२ सप्टेंबर, मंगळवार
अखेर माझी किंमत कळली. डायरेक्टर ओराझबेक आगांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, आजपासून कंपनीच्या ईमेलची राखण सेरिकबोलकडे. सेरिकबोल म्हणजे मी. गेल्या महिन्यात कुणीतरी ईमेलने खोटं बिल पाठवलं आणि आमचा हिशेबनीस ते भरून मोकळा झाला. तेव्हापासून आगांची झोप उडाली होती. कंपनी कांद्याची, पण शत्रू असे की जणू आम्ही सोनं विकतो.
म्हणून गेटवे घेतलाय. बाहेरून येणारं प्रत्येक पत्र आधी या गेटवेत थांबणार, मी ठरवीन तेच आत जाणार. सगळा कारभार ब्राउझरमधल्या एका पानावरून. हिरवा आकडा आत गेलेल्या पत्रांचा, पिवळा संशयितांचा, लाल अडवलेल्यांचा. लाल वाढला की माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं.
नव्या वस्तूचं पहिलं दर्शन फुकट द्यायचं नाही, ही आपली रीत. पान बघायला आलेल्या प्रत्येकाकडून चॉकलेट वसूल केलं. एक्स्पोर्ट विभागाच्या कुल्याश आपाय, आमच्या सगळ्यांच्या थोरल्या ताई, त्यांनी तर जर्दाळूंची अख्खी पिशवी दिली. बाई दिलदार.
संकल्प: मॅन्युअलचं रोज एक प्रकरण. उद्यापासून. आज जर्दाळू होते.

३ सप्टेंबर, बुधवार
मॅन्युअल इंग्रजीत निघालं. असो. पोहायला कुणी पुस्तकातून शिकत नाही.
पहिलाच प्रश्न: संशयित पत्राचं काय करायचं? पर्याय दोन. एक, दारातूनच परत पाठवा आणि पाठवणाऱ्याला तसं कळवा. दोन, आत घ्या, बाजूला बसवून ठेवा, कुणाला काही कळवू नका. मी क्षणभरही विचार केला नाही. कझाक माणसाने आलेल्याला दारातून परत पाठवायचं? आजोबा असते तर चाबूक काढला असता. दुसऱ्यावर क्लिक.
हे मुद्दे मॅन्युअल लिहिणाऱ्यांना कळणं शक्य नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार
मोठं काम उरकलं. गेटवे विचारतो, कुठल्या देशांची पत्रं चालतील? समोर जगातले सगळे देश, प्रत्येकापुढे चौकोन. डोकं गरगरलं. मग आपली जुनी पद्धत आठवली. अनोळखी माणूस भेटला की आपण आधी विचारतो, बाबा रे, तू कुणाचा कोण? सात पिढ्या मागे कुठेतरी नातं लागतंच, आणि लागलं की माणूस आपला. जेवणाच्या सुट्टीत शुक्रवारी पितरांच्या नावाने वाटतात त्या तळलेल्या पोळ्या खाता खाता सगळ्यांना विचारलं, तुमचे नातेवाईक कुठल्या कुठल्या देशात? रशिया, उझबेकिस्तान, तुर्कस्तान, जर्मनी, एकाचा भाचा कोरियात. टिक, टिक, टिक. उरलेल्या जगात आपलं कोणी नाही, तर तिथून पत्र कशाला येईल?
कुल्याश आपाय शेतांवर गेल्या होत्या. पण त्यांचा नवा ग्राहक रीगाचा आहे, हे माझ्या लक्षात होतं. रीगा म्हणजे जर्मनी. टिक झालंच आहे. इतका पुढचा विचार करणारा माणूस अख्ख्या तराझ शहरात दुसरा नसेल.

९ सप्टेंबर, मंगळवार
आगा लालबुंद. त्यांचे व्याही टायर विकतात. त्यांच्या जाहिराती गेटवेने अडवल्या. आगा ओरडले, व्याह्याला दारात उभं करतोस? उद्या सून माहेरी जाऊन बसली तर तू आणणार आहेस का समजूत काढून?
व्याह्यांना कायमची परवानगी दिली. आता रोज सकाळी सगळ्यांना टायरच्या जाहिराती येतात. सुरक्षा आणि नातं, दोन्ही सांभाळलं.
मॅन्युअल: घरी नेलं. बायको मेरुएर्तने त्यावर गरम कढई ठेवली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
कुल्याश आपाय माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. रीगाचं पत्र आलं का रे बाळा? नाही आलं. आपायचा चेहरा उतरला. मग सगळं सांगितलं. रीगाच्या व्यापाऱ्यामागे त्या तीन वर्षं लागल्या होत्या. आता तो यंदाचा सगळा कांदा घ्यायला तयार झालाय, फक्त करार ईमेलने यायचा, आपण सही करून उलट पाठवायचा. आगांनी त्यांना बजावलंय, हा सौदा झाला तर एक्स्पोर्ट तुमचं, फिसकटला तर विभाग बंद आणि तुम्हीही घरी. आपायच्या नोकरीवर त्यांचं घर चालतं, नवरा अंथरुणाला खिळलेला.
मी धीर दिला. म्हटलं, आपाय, या दारातून तुमच्या पत्राला कोणी हात लावणार नाही. माझा शब्द आहे. त्या गेल्या. मलाही भरून आलं.

१५ सप्टेंबर, सोमवार
आपाय सकाळी आल्या. दुपारी आल्या. निघताना आल्या. पत्र नाही. शेवटी म्हणाल्या, फोनच करते.
मी थांबवलं. म्हटलं, आपाय, माल आपला, मागे लागलात की भाव पडतो. थोडं ताणून धरा. व्यापारातलं मला फारसं कळत नाही, पण हे कुणालाही कळेल. आपाय म्हणाल्या, तू म्हणतोस तर थांबते.

१७ सप्टेंबर, बुधवार
आवारात कांद्याच्या गोण्या ताडपत्रीखाली. उकाडा. खालच्या थराला वास सुटलाय. आगा गोण्यांभोवती फेऱ्या मारतात आणि जो दिसेल त्याच्यावर खेकसतात. आपाय जेवत नाहीत, नुसता चहा.
अडकलेल्या पत्रांची यादी उघडली. हजारो. पहिलं पान नीट वाचलं: लॉटरी, औषधं, कुणा विधवेची इस्टेट. रीगा कुठेच नाही. पुढची पानंही तसलीच असणार. भातावरून शिताची परीक्षा. किंवा उलट.
घरी मेरुएर्त म्हणाली, तुझ्या त्या दारात काहीतरी अडकलंय. मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही. ती म्हणाली, दार मलाही कळतं, रोज मीच उघडते.
स्वयंपाकघरातून मतं मांडणं सोपं असतं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
१०.१५. आपाय आल्या आणि बसल्याच. म्हणाल्या, ती अडकलेल्यांची यादी उघड, मला बघायचीय. समजावलं की हे संवेदनशील पान आहे. हलल्या नाहीत.
१०.२०. बराच वेळ हात लावला नाही म्हणून पानाने मला बाहेर काढलं. पासवर्ड टाकला. चुकीचा. पुन्हा टाकला. चुकीचा. कॅप्स लॉक होतं. तोवर खातं कुलूपबंद. पंधरा मिनिटं थांबा म्हणे. सुरक्षा उत्तम आहे, हे आपायना दाखवून दिलं. त्यांना पटलेलं दिसलं नाही.
१०.३०. आपायनी माझ्यासमोरच रीगाला फोन लावला. मोडक्या इंग्रजीत विचारलं, तुम्ही पत्र का नाही पाठवलंत? पलीकडचा बराच वेळ बोलत होता. आपायनी फोन ठेवला आणि खुर्ची माझ्या पडद्यासमोर ओढली.
१०.४०. पान उघडलं. आपायनी विचारलं, वरचा हा चौकोन कसला? मला वाटायचं, तिथे आपलं नाव लिहायचं असतं. तो शोधायचा निघाला. आपायनी एका बोटाने रीगा लिहिलं.
तीन पत्रं.
पहिलं: करार जोडला आहे, सही करून पाठवा. दुसरं: आठवण करून देतो, ट्रक तयार आहेत. तिसरं कालचं: तुमच्याकडून काहीच उत्तर नाही, नकार समजतो, माल दुसरीकडून घेतला, राग नसावा. अडवण्याचं कारण, तिन्हींसमोर एकच: लॅटव्हिया, परवानगी नाही.
लॅटव्हिया नावाचा वेगळा देश आहे. हे आधी सांगायला हवं होतं कुणीतरी.
मी म्हटलं, आपाय, निदान मी त्यांना परत तरी नाही पाठवलं. आत घेतलं, बसवलं. आपाय उठल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, परत पाठवलं असतंस तर त्यांनी फोन केला असता ना रे. पाहुणा आत बसवलास, आणि घरच्यांना सांगितलंच नाहीस.
शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२२ सप्टेंबर, सोमवार
कांदा स्थानिक दलालांनी पडेल भावात उचलला. अर्धा तर फेकलाच. कुल्याश आपाय टेबल आवरून गेल्या. पिशवीत एक कप, चप्पल आणि नवऱ्याची औषधं. मी दारापर्यंत गेलो, पिशवी धरू का विचारलं. म्हणाल्या, राहू दे. घरी आलो, जेवण गेलं नाही. मेरुएर्तने ताट उचलून नेलं.
तरी एकंदर पाहता चूक नकाशाची आहे.

२५ सप्टेंबर, गुरुवार
आगा माझ्याशी बोलत नाहीत. स्वाभाविक आहे, धक्का मोठा. पण रडत बसणाऱ्यातला मी नव्हे. नवा कडक नियम केला: बाहेरच्या पत्त्यावरून कुणी डायरेक्टरच्या नावाने लिहिलं, तर ते पत्र खोटं धरायचं आणि अडवायचं. आगांचं नाव वापरून आता कुणी गंडा घालू शकणार नाही. सांगायला गेलो तर त्यांनी केबिन आतून लावून घेतली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
सकाळ. लाल आकडा शून्य. पिवळा शून्य. हिरवाही जवळजवळ शून्य. धोका पूर्ण आटोक्यात. हिशेबनीस म्हणाला, धोका कसला, सगळ्यांनी कामाची पत्रं आपापल्या घरच्या ईमेलवर नेलीत, आगांनीसुद्धा. लोकांना शिस्त नको असते.
४.३०. अडकलं एक! नवा नियम लागू पडला! बाहेरचा पत्ता, नाव ओराझबेक आगांचं, विषय: सेरिकबोल, तुझ्या नोकरीबाबत. काय हिंमत या चोरांची, थेट माझ्यावर नेम. उघडलं नाही. खरे आगा असलं काही ईमेलने कळवणार नाहीत, तोंडावर सांगतील.
५.१०. आगा आले. पत्र वाचलंस का, विचारलं. मी म्हटलं, आगा, ते खोटं आहे, मी अडवलंय. ते समोरच्या खुर्चीत बसले. मग त्यांनी पत्रातलं सगळं तोंडी सांगितलं.