टेकडीवरच्या हाबेनारियाची वाटणी

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वनस्पती-संग्रहालयातून निवृत्त झालेली, घरात ताई आणि आत्या, ऑफिसात समोर मॅडम आणि पाठीमागे लॅटिनबाई, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही हे तपासायला वकिलांनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या कॅलेंडरवर छापलेल्या फुलाचं नाव फॅलीनॉप्सिस आहे, त्याचा अर्थ ‘पतंगासारखं दिसणारं’, हेही सांगितलं. त्यांनी दाखल्यात ‘बुद्धी शाबूत’ असं लिहिलं. पुढे कंसात ‘गरजेपेक्षा जास्त’ असंही लिहिलं होतं, ते वकिलांनी खोडायला लावलं.

१. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या आणि गॅलरी, भावाच्या मुलीला. ती माझी पुतणी नव्हे, पुतणीसारखीही नव्हे, सख्खी भाची आहे. वकिलांनी कच्च्या मसुद्यात दोनदा चूक केली म्हणून स्पष्ट करते. घरातली कपाटं तिने ठेवावीत किंवा विकावीत. गॅलरीतल्या कुंड्यांना मात्र रोज पाणी घालून मारू नये. जंगली ऑर्किडं प्रेमाने जेवढी मरतात तेवढी दुर्लक्षाने मरत नाहीत.

२. माझं भिंग, फुलं दाबायची लाकडी फळी आणि लॅटिनचा जाडा कोश संग्रहालयाला. माजी संचालकांना लिपारिसची एक कुंडी द्यावी. पानं सुरेख आहेत. नावाचा अर्थ ‘तेलकट, गुळगुळीत’. त्यांनी माझे तीन शोधनिबंध स्वतःच्या नावाखाली सरकवले तेव्हापासून ही कुंडी मी त्यांच्यासाठीच वाढवते आहे. अर्थ त्यांना सांगू नये. ते स्वतः शोधणार नाहीत, याची मला खात्री आहे.

३. धाकट्या भावाला मी या मृत्युपत्राचा व्यवस्थापक नेमत आहे. आमचं फाटलं हे सगळ्यांना माहीत आहे, का फाटलं हे प्रत्येक जण वेगळं सांगतो. म्हणून खरं काय ते इथे नोंदवते.

भाऊ इमारती बांधतो. त्याने ‘ऑर्किड हाइट्स’ बांधली आणि उद्घाटनाला मला बोलावलं. फीत कापून झाल्यावर माइक हातात देऊन म्हणाला, “माझी ताई या विषयातली तज्ज्ञ आहे. आपल्या इमारतीच्या नावाचा अर्थ तीच सांगेल.” मला खोटं सांगता येत नाही, विशेषतः माइकवर. मी सांगितलं, की मूळ शब्द ग्रीक, ऑर्किस, अर्थ वृषण. कारण त्या रोपाला मातीखाली दोन गड्डे असतात, एक गेल्या वर्षीचा सुकलेला, एक यंदाचा टपोरा.

भाऊ हळूच म्हणाला, “ताई, बस झालं.”

पहिल्या रांगेतले निवृत्त मुख्याध्यापक उठले. त्यांनी दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं होतं. “म्हणजे पत्रव्यवहारासाठी आम्ही पत्ता नेमका काय द्यायचा?”

भाची एवढी हसली की वहिनीने तिला बाहेर काढलं. महिनाभरात इमारतीची ‘लिली हाइट्स’ झाली आणि भावाने माझ्याशी बोलणं टाकलं.

४. आता टेकडी. घरामागची टेकडी वडिलांनी आम्हा दोघांच्या नावे ठेवली, निम्मी निम्मी, न मोजता. गेल्या पावसाळ्यानंतर भाऊ इतक्या वर्षांनी माझ्या गॅलरीत येऊन बसला. काखेत नव्या इमारतीच्या नकाशाची गुंडाळी.

“ताई, तिथे गवताशिवाय आहे काय?”

“एक फूल आहे. दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही.”

“मग कुंडीत लावू. गेटापाशी, मोठी कुंडी आणू.”

“कुंडीत जगत नाही ते. त्याला तिथल्याच मातीतली बुरशी लागते.”

त्याने थोडा विचार केला. “बरं, मग त्याला माझं नाव दे. निदान जाहिरातीत तरी घालता येईल.”

“नाव कधीच दिलंय. छापूनही आलंय.”

“कुणाचं?”

“आईचं.”

त्याने खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. मग म्हणाला, “लिहून दाखव.” मी लिहिलं. तो अडखळत वाचत गेला आणि शेवटाशी थांबला. “हे पुढे ‘ए’ कशाला जोडलंय?”

“बाईचं नाव असलं की लॅटिनमध्ये तसं जोडतात. ‘हिचं’ असा अर्थ.”

“आणि पहिला शब्द, हाबेनारिया?”

“लगाम. किंवा चामड्याची पट्टी. फुलाच्या पाकळ्या तशा असतात.”

“आईचा लगाम,” तो म्हणाला, आणि खूप दिवसांनी माझ्यासमोर हसला. नकाशा न उघडताच घेऊन गेला. मला भरून आलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, “ताई, ते फूल पायथ्यापर्यंत येतं का? पायथ्याची पट्टी तरी सुटेल?”

तेव्हा मी वकिलांना बोलावलं.

५. टेकडीतला माझा निम्मा, न मोजलेला हिस्सा भाचीला. तिने तो विकू नये, खणू नये, सुशोभित तर अजिबात करू नये. कोणती निम्मी तिची हे मोजून द्यायचा आग्रह भावाने धरल्यास तिने खुशाल हसावं. तिला ते जमतं.

६. व्यवस्थापकाला एकच काम बंधनकारक आहे. ते होईपर्यंत वरची कोणतीही वाटणी करू नये. फूल बहरात असताना भावाने मुलीला घेऊन टेकडी चढावी आणि रोपासमोर उभं राहून त्याचं पूर्ण नाव मोठ्याने, शेवटच्या ‘ए’सकट, वाचावं. वडील आईला ‘अगं’ म्हणत, आम्ही ‘आई’, शेजारी ‘याची आई’. आमच्या घरात तिच्या नावाने तिला हाक मारलेली मी ऐकलेली नाही. एकदा मारावी.

हे सर्व मी वाचून पाहिलं, मला समजलं, आणि शुद्धलेखन वकिलांपेक्षा माझं बरं आहे.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार: १. डॉक्टर. २. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका. दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. शिंपीकाकांनी सही करण्याआधी आईचं नाव काय होतं ते विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, “त्यांचे कपडे मी शिवायचो. मापाच्या वहीत ‘साहेबांच्या घरचे’ असंच लिहिलेलं असायचं.”

ठिकाण: राहत्या घराची गॅलरी. तारीख: वकिलांच्या शिक्क्यावर आहे ती.