जळवंशी नऊ, मीठ कमी

३ मार्च, मंगळवार

प्रिय बारक्या,

तू आता चाळिशीला टेकला असशील, तरी वर लिहायला दुसरं नाव सुचलं नाही. आशीर्वाद. मी बरी आहे. तुम्ही दोघंही बरे असाल असं धरून चालते.

हा पत्ता अकरा वर्षांपूर्वीच्या पाकिटावरचा. बाबांचं कपाट आवरताना ते पाकीट सापडलं. तुम्ही अजून तिथेच राहता की नाही, ठाऊक नाही. नसाल तर हे पत्र परत येईल, आणि त्यातही काही बिघडणार नाही.

बाबा गेल्याचं मावशीने तुला कळवलं, हे तिनेच मला सांगितलं. तू आला नाहीस. त्यावरून मी कुणाला काही बोलू दिलं नाही. त्यांना शेवटी त्रास झाला नाही. दुपारी जेवले, कवळी काढून वाटीत ठेवली, आडवे झाले आणि उठलेच नाहीत. कवळी माझ्याच हातची होती. अजून टाकलेली नाही. अशी वस्तू कुठे टाकतात ते मला कळत नाही.

काम तेच, दातांच्या लॅबमध्ये. मालकांच्या मुलाने आता यंत्र आणलंय, पण एकटा दात अजून माझ्याकडेच येतो. अख्खी कवळी करणं सोपं. समोरचा एकच दात पडलेला असला की शेजाऱ्यांशी रंग जुळवावा लागतो, आणि शेजारचे दोघेही एका रंगाचे नसतात. मालकांचा मुलगा म्हणतो, सगळे सारखे पांढरे करा, लोकांना तेच आवडतं. मी म्हटलं, मग तोंड उसनं आहे हे लांबूनच कळतं. तो हसला. दात मात्र माझ्या टेबलावर ठेवून गेला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. हसू नकोस.

तू गेलास तेव्हा जुना कॉम्प्युटर इथेच राहिला आणि त्यात तुझा तो खेळ. वर्षभर मी त्यावर चादर घालून ठेवली होती. मग एका रविवारी उघडला. तुझ्या पात्राला हात लावला नाही, शपथ. स्वतःचं केलं: खाणवंशी, ठेंगणी, कमरेला हातोडा. त्यांच्यात बायकांनाही दाढी असते, हे मला आधी माहीत असतं तर दुसरा वंश घेतला असता. आता सवय झाली.

आमचं एक गिल्ड आहे, म्हणजे खेळणाऱ्यांची टोळी, चौतीस जणांची. कोण कुठल्या गावात बसून खेळतं ते एकमेकांना माहीत नाही. आम्ही लढतो कमी, बोलतो जास्त, आणि प्रत्येकाने आपल्या पात्रासारखंच बोलायचं असा नियम आहे. कुणी ‘ऑफिसला उशीर झाला’ म्हणालं की शिक्षा म्हणून त्याला दगड फोडायला पाठवतात. म्होरके म्हणजे भूगोल शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर. त्या जगातले शिलालेख, पोथ्या, राजांच्या वंशावळी मी सगळ्या वाचून काढल्या, म्हणून मला ‘बखरवाली’ म्हणतात. कुठला राजा कुणाचा जावई, हे विचारायला लोक माझ्याकडे येतात. दिवसभरात मला दुसरं कुणी काही विचारत नाही.

तर गेल्या आठवड्यात आमच्या दारात एक जळवंशी आला. निळा, मानेला कल्ले, अंगातून पाणी ठिबकतंय. म्हणाला, मला तुमच्यात घ्या. आमच्यात नुसते खाणवंशी, पहिल्यापासून. मोठा वाद झाला. आमच्यात एक ‘कुऱ्हाड’ म्हणून आहे, तो म्हणाला, आमच्या खाणीला आधीच ओल धरलीय, आणखी कशाला? दुसरा म्हणाला, हा खेळ आहे, दोन घटका करमणूक, घ्या की आत. शेवटी मास्तर म्हणाले, मतं नकोत. बखरवाली सांगेल. त्या जगाच्या इतिहासाला हे चालत असेल तर आपल्याला चालेल.

मी सतरा मुद्दे लिहून काढले. तीनशे वर्षांचं वैर, बुडवलेल्या खाणी, पुलावरची शपथ. ‘पाण्याचा पाय खाणीत पडणार नाही, खाणीचा हात पाण्याला लागणार नाही.’ सगळ्यांनी वाहवा केली. मास्तर म्हणाले, याला म्हणतात अभ्यास. जळवंशी म्हणाला, ‘बरं. मी बाहेर बसतो.’ आणि बसला.

क्षणभर मला वाटलं, तो तूच आहेस. आपल्या जुन्या घराच्या दाराचा रंग कुठला होता, असं मी त्याला आडून विचारलं. तो म्हणाला, कुठलं घर? मी आगारात बसगाड्या धुतो, दिवसभर पाण्यातच असतो, म्हणून जळवंशी झालो. हे पात्राबाहेरचं बोलणं होतं. शिक्षा करायला हवी होती. मी केली नाही.

तीन दिवस झाले, संध्याकाळी येतो आणि दाराबाहेर बसतो. कामावरून आले की मी आधी तो आहे का ते बघते.

तुला ही बखर माझ्याआधीपासून पाठ आहे. म्हणून विचारते: एका छपराखाली दोन वंश, याला कुठे आधार आहे का? माझ्या वाचनात काही राहून गेलं का? बाकी काही लिहायला नको. एवढंच लिहिलंस तरी चालेल. पत्ता घालून, तिकीट लावून पाकीट सोबत ठेवलंय.

तुझी,
ताई


२२ मार्च, रविवार

प्रिय बारक्या,

पाकीट शुक्रवारी मिळालं. माझ्याच अक्षरातला माझाच पत्ता, तरी पेटीतून काढताना ओळखूच आला नाही. आत एक ओळ. ‘जुन्या गडाच्या मुदपाकखान्यात चुलीमागची भिंत बघ.’ खाली नाव नाही. तुझं अक्षर अजून उजवीकडे कलतं.

एवढंच लिहिलंस तरी चालेल, असं मी म्हटलं होतं. लहानपणी माझं एक ऐकलं नाहीस, आणि हे ऐकलंस.

मी गेले. इतकी वर्षं खेळतेय, पण मुदपाकखान्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिथे लढायला कुणी नाही, मिळवायला काही नाही, मग कोण जातं? दरबार, ग्रंथालय, थडगी, सगळं पालथं घातलेलं. चुलीमागे काजळीने काळी झालेली भिंत, आणि तिच्यावर आचाऱ्याने कोळशाने लिहिलेली यादी. तुला पाठ असेलच, तरी लिहिते. ‘खाणवंशी बावीस. जळवंशी नऊ, मीठ कमी. सगळ्यांना एकाच पंगतीत वाढणे. भांडी वेगळी ठेवू नयेत, घासायला वेळ जातो.’

साल बघितलं. शपथेनंतरचं दुसरं.

म्हणजे वर दरबारात शपथा चालल्या होत्या आणि खाली नऊ जण रोज जेवत होते.

मी गिल्डमध्ये सगळ्यांना बोलावलं, यादी वाचून दाखवली आणि माझे सतरा मुद्दे मागे घेतले. कुऱ्हाड म्हणाला, राजाची शपथ मोठी की आचाऱ्याची भिंत? मास्तर म्हणाले, ‘राजाला एकदाच बोलायचं होतं. आचाऱ्याला रोज माणसं मोजायची होती. मी आचाऱ्याचं ऐकेन.’ पुढे कुणी वाद घातला नाही. मी दाराशी गेले, तर तो नव्हता. चार दिवसांपासून आला नव्हता, तरी आज असेल असं मला वाटलं होतं. मी त्या खोट्या दगडी दारात खोटा हातोडा घेऊन उभी राहिले, आणि माझे खरे पाय दुखायला लागले.

काल संध्याकाळी आला. पाळी बदलली होती म्हणे. मी म्हटलं, आत या, तुम्हाला घेतलंय. तो आत आला, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, ‘कुठे बसू?’

बारक्या, मी कॉम्प्युटर बंद करून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

तिथे आता चार खुर्च्या आहेत. तू असताना तीन होत्या. तुझं लग्न झाल्याचं खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने बाबांना सांगितलं, त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी एक नवी खुर्ची विकत आणली. गुडघे दुखत असताना तीन जिने स्वतः चढवली. बाकीच्या तिघींशी तिचा रंगही जुळत नाही. मी विचारलं, ही कशाला? म्हणाले, असू दे, लागेल. तिच्यावरचं प्लॅस्टिक त्यांनी काढलं नाही. मलाही काढू दिलं नाही.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तुझं पाकीट बाबांच्या कपाटात नव्हतं. ते माझ्याकडे होतं, लॅबमध्ये, दातांच्या रंगांच्या पट्ट्या ठेवते त्या डब्याच्या तळाशी. अकरा वर्षं.

तू तेव्हा चार पानं लिहिली होतीस. ती कोण, कशी, तिची माणसं आपल्यातली नाहीत तरी कशी वागतात, आणि बाबा हो म्हणाले तर आम्ही दोघं येतो. पत्र माझ्या हाती पडलं. आठवड्याने तुला तीन ओळींचं उत्तर गेलं. ‘हे या घरात चालणार नाही. तू एकटा आलास तर घर तुझंच आहे. तिला आणू नकोस.’ खाली लिहिलं होतं, बाबा.

अक्षर माझं होतं. बाबांचा हात थरथरायचा, म्हणून त्यांची सगळी पत्रं मीच लिहायची, हे तुला माहीत होतं. म्हणून तुला शंका आली नसणार. पण ते पत्र त्यांनी सांगितलेलं नव्हतं. तुझं पत्र त्यांनी कधी पाहिलंच नाही.

त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी वर्षानुवर्षं मनाला बजावत आले. तेही खरं नाही. त्यांनी विचारलं होतं. खुर्ची आणली त्या संध्याकाळी. ‘त्याचं काही आलं का गं?’ मी भांडी पुसत होते. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, लिहील, लाजत असेल. पुन्हा कधी विचारलं नाही.

का केलं, हे लिहिल्याने काही कमी होणार नाही, पण ते दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. लॅबमध्ये साच्यांचं प्लॅस्टर करणारा एक जण होता. तू त्याला पाहिलं आहेस, एकदा माझी छत्री द्यायला दारापर्यंत आला होता. त्याचीही माणसं आपल्यातली नव्हती. त्याने मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, आमच्या घरात चालणार नाही. बाबांना मी विचारलंच नाही. मला वाटलं, मला घर माहीत आहे, विचारायचं काय त्यात? तो वर्षभर थांबला आणि मग गेला. नंतर तुझी चार पानं आली. तू विचारत होतास. आणि बाबा तुला हो म्हणतील, हे ती पानं वाचता वाचताच मला कळलं. ते हो म्हणाले असते, तर मग मला कुणी अडवलं होतं?

एवढंच आहे. याहून मोठं कारण मी शोधून पाहिलं, सापडलं नाही.

बाबांचा राग तुझ्यावर कधीच नव्हता. तू त्यांच्या शेवटाला आला नाहीस, ते माझ्या तीन ओळींमुळे. मावशीलाही आज हेच लिहून टाकलंय.

तू ये, असं मी लिहिणार नाही. मागच्या वेळी ‘घर तुझंच आहे’ हे अट घालून लिहिलं होतं, आता तेच शब्द माझ्या हातून उमटत नाहीत. खुर्चीवरचं प्लॅस्टिक मात्र आज दुपारी काढलं. आतून लाकूड नवं आहे, कुणी बसलेलं नाही. बाबांची कवळी अजून वाटीतच आहे. ती काय करायची, हे तू सांगितलंस तर बरं होईल. मला एकटीला ते ठरवायचं नाही.

आणि एक. तुझ्या चार पानांत तिच्याबद्दल खूप होतं, पण ती काय खाते, तिला काय चालत नाही, मीठ कमी लागतं की जास्त, हे कुठे नव्हतं. मी काल पुन्हा वाचून पाहिलं. जमलं तर तेवढं कळव. नाही जमलं तरी सोबतचं तिकीट लावलेलं पाकीट ठेवून घे.

हे पत्र बाबांनी लिहायला सांगितलेलं नाही. कुणीच सांगितलेलं नाही. अक्षरही माझं, आणि या वेळी सहीसुद्धा.

ताई