मोहाच्या हंड्या आणि तुरीतला गांजा

आई, किनवटच्या बाजूचं कोणी भेटलं की अजूनही मला तेच कोडं घालतं. जंगलातले बंदूकवाले दादा नशेविरुद्ध भाषणं करून मोहाच्या दारूच्या हंड्या फोडत. मग शेजारच्या तुरीत दडवून लावलेला गांजा त्यांना कसा दिसत नसे?

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि मी तिथे कॉलेजात शिकत होते. दुष्काळात सुट्टीला घरी आले, तेव्हा तुझ्या भट्टीवरच आपलं पोट होतं. मला अजून दिसतं: फुटलेल्या हंड्यांची दारू अंगणभर वाहते आहे आणि तू कमरेवर हात ठेवून उभी आहेस.

"हंड्या दिसल्या, अन् ती तूर न्हाई दिसली का रे, दादा?"

"मावशे, दारू घर बुडवते. तो माल बाहेर जातो."

"हाव, जातो की. तुमच्याच वाटेनं!"

मागचा एक जण हसला. पुढच्याने गांजाच्या बियांची पुडी तुझ्या हातावर ठेवली. हे तुरीत टाक, मग खुशाल हंड्या मांड, म्हणाला. तू ती पुडी त्याच्यादेखत चुलीत टाकलीस.

"मी माझ्या दारात बसून इकते. लपून न्हाई."

त्यामागची रचना किती साधी होती, बघ! मोहाची दारू घरी गाळली जाते आणि गावातच संपते. तिच्यातून त्यांच्या हाती काही लागत नव्हतं. गांजाला भाव दूरच्या शहरात, आणि तिकडे जाणारी वाट त्यांच्या बंदुकीखाली. म्हणून पेरणाऱ्याकडून राखणीचा वाटा, व्यापाऱ्याकडून वाटेचा, आणि दोन्ही आगाऊ. त्या पैशातून काडतुसं येत आणि काडतुसांच्या जोरावर वाट ताब्यात राही. पुढे पोलिसांनी शेजारच्या काकांचा गांजा उपटला, काका तुरुंगात गेले; दादांचं काहीही बिघडलं नाही.

आता मी नांदेडला अर्थशास्त्र शिकवते. "मॅडम, हे कशाला शिकवता?" असं हितचिंतक बजावतात. मी शिकवणार, दरवर्षी शिकवणार. मुलांना मी एक कसोटीही देते: बंदीचा माल पकडल्याची बातमी वाचलीत की शोधा, त्या धंद्यातल्या कोणाचं त्या दिवशी काहीच गेलं नाही? त्याने आपला वाटा आधीच उचललेला असतो.

हे पत्र कपाटातच राहील. मोहाचा वास आला की मला अजूनही भूक लागते. एवढं मात्र मी वर्गात सांगत नाही.