काकांचा परवाना आणि आमची हळद

२ फेब्रुवारी, सोम.
आज मान वर करायला फुरसत नाही. आचारसंहिता उठली, त्यामुळे निवडणुकीपुरती पोलीस ठाण्यात जमा केलेली पिस्तुलं परत न्यायची सगळ्यांना घाई. आमच्या परवाना शाखेत फोनवर फोन. एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, दोन महिने झोप नाही." म्हटलं, "का, काही झालं का?" म्हणे, "नाही, झालं काहीच नाही." हसू दाबत त्यांना फॉर्म दिला.
संध्याकाळी नी.बरोबर शालू घेतला. मोरपिशी. नीलेशच्या मते बाविसाव्या साडीपर्यंत सगळ्या सारख्याच होत्या. दुकानदाराने त्याला चहा पाजून खुर्चीत बसवलं, मग मला सुचायला लागलं. लग्नाला वीस दिवस.

५ फेब्रु., गुरु.
नूतनीकरणाच्या गठ्ठ्यात एक फाईल उघडली आणि नाव वाचून थांबले. दामूकाका. नी.चे सख्खे काका. वडील गेल्यावर नी. आणि त्याची धाकटी बहीण पिंकी, दोघांना ह्यांनीच वाढवलं, शाळा-कॉलेज सगळं. बारा वर्षांपूर्वी 'धंद्यामुळे जिवाला धोका' म्हणून पिस्तुलाचा परवाना घेतलेला. पोलिसांचा अहवाल: कोणतीही तक्रार नाही.
शाखाप्रमुख साळवी मॅडमकडे गेले. "मॅडम, हे माझे होणारे चुलतसासरे."
"लिहून दे. फाईल दुसऱ्या टेबलावर देते." मग चष्म्यावरून बघत, "आणि पत्रिका कधी देतेस?"

८ फेब्रु., रवि.
सासरी जेवायला, कल्याणजवळच्या गावी. तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण. तीन भाकऱ्या खाल्ल्या, शालूच्या ब्लाऊजचं काय व्हायचं ते होवो. मांडवाचे बांबू अंगणात येऊन पडलेत. धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाणारी आजी आत्तापासूनच माझं नाव गाण्यात बसवून बघत होती. 'मेघा' तिला फार तोकडं वाटतं, म्हणून 'मेघाबाय' केलंय. मला आवडलं.
काका खुशीत. "नील्याचे हलदीला पाच बार काढनार हवेत. सगल्या गावाला कललं पायजे."
मी म्हटलं, "काका, नुसतं हवेत झाडलं तरी दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आता."
"मंग काय, तू हाय ना हापिसात."
सगळे हसले. मीही. ते हसणं मला परत येताना रिक्षात टोचत राहिलं.
कारण मधे हे झालं. जेवणानंतर भांडी विसळताना आईंनी (सासूबाई, पण 'आई'च म्हणते) नळ मोठा सोडला आणि हळू सांगितलं. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका पुतण्याच्या हळदीत काकांनी असेच बार काढले. एक गोळी मांडवाच्या लोखंडी पाइपला लागली, तुकडा उडून पिंकीच्या दंडात घुसला. डॉक्टरला सांगितलं, मांडवाचा गज लागला. तक्रार कोण करणार? घरातलाच माणूस. पिंकी तेव्हा अठराची. त्या दिवसापासून बिनबाह्यांचं काही घालत नाही.
'कोणतीही तक्रार नाही.' खरंच, नव्हतीच.

१० फेब्रु., मंगळ.
ठाण्याच्या तलावपाळीवर नी.ला विचारलं. शेंगा सोलता सोलता म्हणाला,
"मीच तिचा हात दाबून धरलेला गाडीत. काकांनी माझी फी भरलीय मेघा. मी त्यांच्यावर कसं…"
मी रेटलं नाही. निघताना म्हणाला, "पिंकीला काय वाटतं ते कुणी विचारलंच नाही कधी. मीही नाही."
"मग विचार."

१२ फेब्रु., गुरु.
विचारलं त्याने. आणि आज पिंकी गावाहून एकटी बसने ठाणे शहरात हजर, लंच टाइमला ऑफिसच्या खाली उभी. नर्सिंगचं दुसरं वर्ष, अंगात पांढरा कोट तसाच.
"वहिनी, तक्रारीचा अर्ज कसा लिहितात?"
वहिनी. अजून दहा दिवस आहेत, पण बरं वाटलं.
मी म्हटलं, "वर पत्ता, खाली सही. मधलं तुझं. मी वाचणार नाही, वाचणं बरोबर नाही."
दाबेलीच्या गाडीशेजारी कठड्यावर बसून तिने दीड पान लिहिलं. एकदा फक्त विचारलं, "तुमच्या लग्नावर काही येईल का गं?"
"येऊ दे," म्हटलं मोठ्या तोऱ्यात.
अर्ज वर आमच्या ऑफिसात देऊन आली, शिक्का मारलेली प्रत चार घड्या करून पर्समध्ये ठेवली आणि मला ओढत झुमके घ्यायला घेऊन गेली. हिरवे खडे. दोघींनी सारखेच घेतले.

१७ फेब्रु., मंगळ.
काकांना नोटीस पोचली. परवाना रद्द का करू नये, २६ला सुनावणी. मॅडमनी मला एवढंच सांगितलं, बाकीचं नी.च्या फोनवरून. काकांना वाटतंय हे मी केलं. "हापिसातली सून आनली न् घरात पोलीस आनले." लग्नाला येणार नाहीत म्हणे.
आमच्या बाबांचा चेहरा पडला. कोलशेतच्या कंपनीत तीस वर्षं युनियन केलेला माणूस, पण मुलीच्या लग्नात वराकडचा मोठा माणूस नाही म्हटल्यावर… माझी आई म्हणाली, "पोरीने बरोबर केलंय ना? मग पापड मोजा." पापड मोजले. निवडणुकीनंतर परत नेलेलं पिस्तूल अजून काकांच्या कपाटातच आहे, हे मी दोघांना सांगितलं नाही.

१९ फेब्रु., गुरु.
नी.चा फोन. पिंकी काकांच्या घरी गेली होती. म्हणाली, "वहिनीने नाही, मी लिहिलं." मग कुर्त्याची बाही खांद्यापर्यंत वर केली. "काका, हात लावून बघा. दोन वर्षांत एकदा तरी बघितलंत का?"
काकांनी बोट लावलं. आत गेले, जेवले नाहीत. पुढे काय, कुणालाच माहीत नाही.
माझी मेंदी मात्र चांगली रंगलीय. काळीभोर.

२१ फेब्रु., शनि.
हळद. कॉलनीतल्या सगळ्या बायका सकाळपासून पिवळ्या. डीजेवाला उशिरा आला, तोवर मामींनी ताट वाजवून काम भागवलं. मी हसत होते पण कान गावाकडे. पलीकडच्या बिल्डिंगमध्ये फटाका वाजला आणि हातातला विडा पडला.
दुपारी उष्टी हळद घेऊन गाडी आली. चार बायका उतरल्या, मागून पिंकी. आणि ड्रायव्हरच्या सीटवरून दामूकाका.
काका सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले.
"सकाली पिस्तूल पोलीस ठान्यात जमा करून आलो. घरात ठेवलं असतं तं हात गेला असता त्यावर. मला माझा हात म्हाईत हाय."
वाटीतली हळद घेऊन त्यांच्या दोन्ही गालांना लावली. बाबांनी कपाळाला लावली, आईने उरलेली टकलावर ओतली. मग डीजे सुरू झाला. काका काय नाचतात. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंना घेऊन नाचले. पिंकीने आज बिनबाह्यांचा ब्लाऊज घातलेला, हिरवे झुमके. ती पण नाचली, दोन्ही हात वर करून.

२३ फेब्रु., सोम.
लग्न झालं. पाय सुजलेत, आवाज बसलाय, शालूवर श्रीखंड. नी.ने उखाण्यात माझ्याच नावाला यमक चुकवलं. वरातीत नुसता ब्रास बँड. एकही बार नाही आणि एकालाही चुकल्यासारखं वाटलं नाही, धवल्याची आजी सोडून. ती म्हणाली, बँडमुळे तिचं गाणं ऐकू आलं नाही.

२६ फेब्रु., गुरु.
आज सुनावणी. मी रजेवरच, सासरी, आणि त्या खोलीत माझं कामही नाही.
पिंकी बसने निघाली होती. काकांनी आमच्या अंगणात गाडी आणली, पुढचं दार उघडलं. "बस कशाला? मी पन तिथंच चाललोय."
ती बसली.
"काय सांगशील तिथं?" काकांनी विचारलं.
"जे झालं ते."
"सगलं?"
"सगळं."
काकांनी मान हलवली. "पट्टा लाव मंग."
गेले. आई दारातच उभ्या आहेत. परवाना राहील की जाईल, आणि जाताना एकत्र गेलेले येताना कसे येतील, काही सांगता येत नाही. चौघांपुरता भात टाकलाय, आता भाकरी शिकायला बसते. पहिली फाटली. आई म्हणतात, दुसरी पण फाटणार.