सुबोधच्या प्रागचा बंदोबस्त

शनिवार, ३ मे, संध्या. ७.१०
आजपासून सुबोध शत्रू.
इथेच क्वीन्सटाउनला त्याच्याकडे दुपारचं जेवण होतं. मी प्रागच्या चार्ल्स पुलाच्या पायाभरणीचा मुहूर्त सांगत होतो : १३५७, ९ जुलै, पहाटे ५.३१. सुबोध श्रीखंड वाढता वाढता म्हणाला, निशिकांत, तू गेलायस का रे कधी युरोपला? अकरा माणसं हसली. मेधा धरून बारा. स्वतःची बायको!
बावीस वर्षं युरोप वाचतोय. क्लास नाही, डिग्री नाही, सगळं स्वतःचं स्वतः. बघून कुणीही सांगेल. न बघता सांगायला अभ्यास लागतो.
सूड घेणार. नीटनेटका.

सोमवार, ५ मे
संधी चालत आली. सुबोधच्या बायकोचा, नीताचा फोन. ३१ मेला एक दिवस प्रागमध्ये आहेत. भाऊजी, तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही, प्लॅन करून द्या ना. (समंजस बाई. कुणाच्या गळ्यात पडली!) इतका गोड बोललो की मेधाने ताप आहे का पाहिलं.

बुधवार, ७ मे
आराखडा तयार. ३१ मे शनिवार. ज्यू म्युझियम शनिवारी बंद. सकाळी आधी तिथेच पाठवायचं. दुपारी एकला पेत्रिन टेकडी, वर मनोरा, २९९ पायऱ्या. सुबोध इथल्या मेट्रोच्या, MRT च्या सरकत्या जिन्यावरही धापा टाकतो. जेवायला डुकराचा भाजलेला गुडघा. सुबोध आमलेटसुद्धा डोळे मिटून, कसंबसं गिळतो.
जाईने स्क्रीन पाहिली. Papa, so petty lah, म्हणाली. मुलीला मराठी इतिहास शिकवायचा राहिला.

शनिवार, १० मे
अडचण. ‘ज्यू म्युझियम, शनिवार, ९.००’ हे हाताने लिहवेना. तीनदा टाइप करून पुसलं. उद्या कुणी वाचलं तर म्हणेल, याला एवढंही ठाऊक नाही. म्युझियम रद्द. सकाळी आठला पूल, गर्दी नसते. सूड पायऱ्यांवर.

मंगळवार, १३ मे
मनोऱ्याला लिफ्ट आहे. न लिहिणं म्हणजे अभ्यास कच्चा. बारीक अक्षरात लिहिलं. प्रिंटमध्ये दिसेना, म्हणून ठळक केलं.
नीता शाकाहारी, तिचा काय दोष? तळलेलं चीज. मग सुबोधलाही तेच. एका टेबलावर दोन न्याय कसे?
उरलं ऊन. दुपारी एकचं.

शुक्रवार, १६ मे
टेकडीवर दाट झाडी आहे. तपासलं.
प्लॅन पाठवला. एकोणीस पानं. सुबोधचं उत्तर : अंगठा. एक.

रविवार, १ जून
मराठी मंडळाच्या ग्रुपवर सुबोधचे ४६ फोटो. ‘आयुष्यातला बेस्ट दिवस! पूर्ण self-planned!’
फोटो १७ मधला पुतळा त्याने चुकीचा सांगितलाय. लगेच दुरुस्ती टाकली, तळटीपेसह. त्यावर तिघांनी सुबोधलाच विचारलं, तुझा प्लॅन पाठवशील का? त्याने पाठवला. माझा. माझं नाव असलेलं पहिलं पान काढून.

शनिवार, १४ जून
सुबोध-नीता क्लेमेंटीला आमच्याकडे जेवायला. एकोणीस पानं दारातच टीपॉयवर ठेवली होती. सुबोधने त्यांवर छत्री ठेवली.
डिसेंबरात रोमला निघालेत, दहा दिवस. नीता म्हणाली, तुम्ही दोघंही चला. सुबोध म्हणाला, चल रे, एकदा बघून तरी घे. हा टोमणा! मी ताडकन म्हणालो, ज्याला सगळं माहीत आहे त्याला जायची गरज नसते.
जिंकलो.
मग मेधा म्हणाली, खरंय. नीता, मग माझं एकटीचंच बुक कर.

रविवार, २२ जून
मेधाचं बुकिंग झालं. मला एका शब्दाने पुन्हा विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. बघू कोण आधी वाकतं.
ती म्हणाली, तू इथूनच फोनवर सांगत जा, तुझं तेच चांगलं आहे. सुबोधला कल्पना फार आवडली म्हणे.
फ्रिजवर तिने आत्तापासूनच एक कागद लावलाय : ‘भात – तीन शिट्ट्या.’ पाणी किती, ते लिहिलेलं नाही.
विचारणार नाही.